साडेवीस लाखांचं नाव : तासगावातल्या एका ॲडमिशनचं प्रकरण

जून २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात एका मुलीचे आईवडील माझ्याकडे आले, तेव्हा एक लाख रुपये आधीच भरून झाले होते. पुण्यातल्या एका अभिमत (डीम्ड) विद्यापीठात मुलीची कॉम्प्युटरची सीट 'ब्लॉक' केलेली. मुलीच्या आईच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवून उचललेले पैसे. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि दर पावसाळ्यात पन्नाससाठ पोरांचे ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमाचे फॉर्म, भरून देतो, म्हणून सल्ल्याला आले. पण त्यांना खरं तर सल्ला नको होता. 'बरोबर केलंत' एवढंच माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्या वर्षी जुलैत सरकारी निर्णयाने सगळं गणित मधेच बदललं आणि त्यामुळे एरवी झाकून राहणाऱ्या गोष्टी उघड्या पडल्या. घरच्यांच्या परवानगीने लिहितोय. नावं आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

वडिलांचं द्राक्षबागांच्या फवारणीचे ब्लोअर दुरुस्त करायचं वर्कशॉप. तासगावात या धंद्याला मरण नाही, पण पैसा मात्र बागायतदाराच्या वेळापत्रकाने येतो. ऑक्टोबर छाटणीपासून जानेवारीपर्यंत रात्री अकरापर्यंत वेल्डिंग चालू, सगळी उधारी. वसुली बेदाण्याचे सौदे झाले की. अवकाळीने बाग झोडपली तर तीही पुढच्या वर्षावर. उत्पन्न वर्षाला सहा लाखांच्या आसपास, ओबीसी प्रवर्ग, जातपडताळणी झालेली, नॉन क्रीमीलेअर दाखला चालू. (हे तिन्ही कागद जूनमध्ये हातात असलेलं घर मी क्वचित बघतो. आईचं काम. ती सेतू केंद्रात फेब्रुवारीतच जाऊन बसली होती.) बँकेत तीन लाखांची ठेव आणि अंगावरचं सोनं चारएक लाखांचं. धाकटा मुलगा नववीत.

मुलीचा सीईटीचा निकाल १६ जूनला लागला, ९५ च्या थोडा वर पर्सेंटाइल. वाईट नाही. पण एवढ्यावर पुण्या-मुंबईतल्या पहिल्या फळीत कॉम्प्युटर मिळत नाही, हे मी त्यांना पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. वडील म्हणाले, "म्हणून तर सर, तिकडं बुक केलं. शेवटच्या अकरा सीट राहिल्यात म्हणून मॅडमचा फोन आलता." आई दारात उभी होती. ती म्हणाली, "आठ दिवसांनी परत फोन आला, तवा बी अकराच हुत्या."

नाव म्हणजे नेमकं काय

पुण्याच्या त्या विद्यापीठाची ओढ वडिलांना एकट्याने लागलेली नव्हती. मूळ आग्रह मुलीच्या मामाचा. मामा हिंजवडीत आयटीत आहे, पंधरा वर्षं झाली. तो स्वतः एका आडबाजूच्या कॉलेजातून पास झाला, कॅम्पसला कुणी आलं नाही, दोन वर्षं पुण्यात कॉट बेसिसवर राहून वॉक-इनच्या रांगा लावल्या. त्याचं म्हणणं सरळ होतं: "ताई, माझ्यावर जे आलं ते हिच्यावर यायला नको. रेझ्युमे वाचायच्या आधी कॉलेज वाचतात." मी हे हसण्यावारी नेलं नाही. नावाला किंमत नसते असं म्हणणारे बहुधा नावाच्या कॉलेजातूनच शिकलेले असतात.

पण मी मामाला फोनवर एक काम सांगितलं. तुमच्या कंपनीत फ्रेशर भरायला कुठल्या कॉलेजांत जातात, ती यादी विचारा. चार दिवसांनी त्याचा फोन आला. ते अभिमत विद्यापीठ यादीत होतं. शिवाय आपल्या भागातली सरकारी आणि अनुदानित मिळून तीन कॉलेजंही होती. मामा थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "सर, ही नावं आमच्याकडे कुणी घेतच नाही ओ."

'आमच्याकडे' म्हणजे पाहुण्यांत. इथे मला या प्रकरणाची गाठ सापडली. एका कॉलेजला दोन नावं असतात. एक भावकीत चालतं आणि एक कंपनीत. भावकीतलं नाव एसटी स्टँडसमोरच्या फ्लेक्सवरून, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरच्या जाहिरातीतून, लग्नात "पोरगी कुठं असते?" या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरातून तयार होतं. कंपनीतलं नाव आधीच्या दहा-पंधरा बॅचच्या पोरांनी तिथे काय काम केलं त्यातून होतं. कधी दोन्ही नावं एकच असतात. पुण्याचं सीओईपी (१८५४) किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय (१८८७) घ्या, दोन्हीकडे वजन सारखं. पण कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे, सांगलीचं वालचंद १९४७ पासून. यांच्या जाहिराती स्टँडवर लागत नाहीत. त्यामुळे तासगावच्या लग्नात 'पुणे' म्हटलं की भुवया वर जातात आणि 'कराड' म्हटलं की पुढचा विषय निघतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे उलटी आहे. अमेरिकेत शिकायला गेलेल्या पोरांकडून ऐकतो, तिथे मोठं नाव म्हणजे मोठी फी. आपल्या अभियांत्रिकीत सर्वात वरची नावं बहुतेक सरकारी आहेत. आयआयटीची ट्यूशन फी वर्षाला दोन लाख, आणि पालकांचं उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर तिच्यातही दोनतृतीयांश सूट. म्हणजे आपल्याकडे महाग नाव हे पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरचं नाव असतं. मार्कांनी वरची पायरी चुकली, म्हणून पैशाने घेतलेलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण आपण काय विकत घेतोय हे माहीत असावं.

वर्कशॉपमधला हिशेब

जूनच्या शेवटच्या रविवारी मी वर्कशॉपवर गेलो. बेअरिंगच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर हिशेब मांडला. वडिलांना कागदापेक्षा पुठ्ठ्यावरचा आकडा खरा वाटतो.

अभिमत विद्यापीठ: फी वर्षाला ३ लाख ९० हजार, हॉस्टेल आणि मेस १ लाख ६०. चार वर्षांचे २२ लाख. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत 'शुल्कात दरवर्षी वाढ होऊ शकते' असं होतं, ते धरलंच नाही. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. अभिमत विद्यापीठ त्याच्या कक्षेबाहेर.

ठेव आणि सोनं दोन्ही मोडलं तर सात लाख. उरलेले पंधरा कर्ज. बँकेच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागतं. तारण म्हणजे राहतं घर. ('पीएम विद्यालक्ष्मी' ही बिनतारण योजना त्यानंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. आज तीही बघायला हवी. पण तारण न लागल्याने हप्ता माफ होत नाही.)

आता जो हिशेब बँकेत कुणी आपणहून करून दाखवत नाही, तो. पंधरा लाख चार वर्षांत सारख्या हप्त्यांनी उचलले, व्याज साडेदहा टक्के, परतफेड शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू. तोपर्यंत नुसतं सरळव्याज धरलं तरी साडेपाच लाख चढतं. म्हणजे परतफेडीच्या पहिल्या दिवशी डोक्यावर साडेवीस लाख. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता महिना सुमारे २७,७००. पंधरा वर्षांची घेतली तर सुमारे २२,७००.

मोठ्या आयटी कंपन्या सरसकट भरतीत फ्रेशरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात. हातात पडतात महिना पंचवीस हजारांच्या आसपास. वडिलांनी दोन्ही आकड्यांखाली खडूने रेघ मारली आणि बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "पण तिथनं चाळीस लाखाचं पॅकेज मिळतंय म्हणत्यात."

मिळत असेल, एकाला. माहितीपत्रकावर 'हायेस्ट' छापतात, फार तर 'ॲव्हरेज'. दोन पोरांना चाळीस लाख मिळाले की शंभरांची सरासरी वर सरकते. बघायचा असतो तो मीडियन, म्हणजे पोरं पगाराच्या क्रमाने उभी केली तर मधोमध उभ्या असलेल्या पोराचा पगार. हा आकडा शोधायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला तो कळवावा लागतो, आणि संस्थेने भरलेली माहिती उघडी असते. त्यात एका ओळीत किती मुलं प्रवेशाला आली, किती वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मीडियन पगार किती, किती जण पुढे शिकायला गेले, असं सगळं मिळतं. मी मोबाइलवर ती फाइल उघडून मुलीच्या हातात दिली. त्या विद्यापीठाचा मीडियन हायेस्टच्या सहाव्या हिश्श्यापर्यंतही पोचत नव्हता. शिवाय तो सगळ्या शाखांचा मिळून होता, आणि नोकरी न लागलेले त्यात मोजलेले नसतात. तरीही सरसकट भरतीपेक्षा तो आकडा चांगला होता, हे मी लपवलं नाही. हप्ता फिटला असता. पण हप्ता फेडणाऱ्या पोरीला पहिली नोकरी आवडली नाही म्हणून सोडता आली नसती, आणि दोन वर्षं एम.टेक.ला जाण्याचा विचारही करता आला नसता.

मी त्यांच्यापुढे प्रश्न असा ठेवला: या नावाने पोरीला एरवीपेक्षा दर महिन्याला २७,७०० रुपये जास्त मिळवून दिले पाहिजेत, दहा वर्षं, तेव्हा कुठे नुसत्या कर्जाची बरोबरी. देईल का? वडिलांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी वेगळंच विचारलं: "घर लिहून दिल्यावर धाकट्याच्या येळंला काय लिहून द्यायचं?"

हा प्रश्न माझ्या पुठ्ठ्यावर नव्हता. फीचा आकडा आम्ही सगळे मुलीच्या नावापुढे लिहीत होतो. खरं तर तो धाकट्याच्या कॉलेजच्या, वर्कशॉपसाठी बघून ठेवलेल्या जुन्या लेथच्या आणि एखाद्या अवकाळी सालाच्या रकान्यातून वजा होत होता.

८ जुलै

मग तो शासन निर्णय आला. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पन्नास टक्क्यांऐवजी पूर्ण माफ. अट एकच, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून हवा. सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानितही कॉलेजं त्यात. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं बाहेर, मॅनेजमेंट कोटा बाहेर.

पुठ्ठ्याची दुसरी बाजू वापरली. पुण्यातलं एक बऱ्यापैकी खासगी कॉलेज, कॅपमधून आयटी: ट्यूशन फी शून्य, इतर फी आणि पीजी-मेस धरून वर्षाला एक लाख पंचेचाळीस, चार वर्षांचे पाच लाख ऐंशी. कराड, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन: हॉस्टेल, मेस, किरकोळ फी मिळून वर्षाला पासष्ट हजार, चार वर्षांचे दोन लाख साठ.

२२ लाख, ५ लाख ८०, २ लाख ६०.

एवढं झाल्यावर निर्णय सोपा झाला असं वाचणाऱ्याला वाटेल. घरात मात्र त्या आठवड्यात सगळ्यात जास्त भांडणं झाली. एक लाख भरलेले होते. पाहुण्यांना सांगून झालं होतं. आजीने पेढेही वाटले होते. आणि मामाचा मुद्दा अजून उभाच होता: कॉम्प्युटर ती कॉम्प्युटर. शाखा सोडून कराडला कशाला?

या सगळ्यात मुलीला कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा. विचारलं तेव्हा ती म्हणाली, कॉम्प्युटरच पाहिजे असं काही नाही, सगळे घेतात म्हणून. मग म्हणाली, वर्कशॉपला नवीन ब्लोअर येतात त्यांच्यात कंट्रोलर असतो, बाबा तो उघडत नाहीत, कंपनीला पाठवतात. ते आत काय असतं ते बघायचंय. वडील चमकले. मी या वाक्यावर फार विसंबलो नाही, अठराव्या वर्षीचं 'बघायचंय' दोन सेमिस्टरमध्ये बदलतं. पण स्वस्त कॉलेजात ते बदललं तर घर गहाण राहत नाही, हेही तितकंच खरं.

मामाला मी एकच गोष्ट मांडून दाखवली. पदवीवरचं नाव पुसता येत नाही, पण त्यावर दुसरं लावता येतं. कराडहून इलेक्ट्रॉनिक्स करून 'गेट' ही एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा चांगली दिली तर आयआयटीत एम.टेक. मिळू शकतं, आणि गेटवर प्रवेश घेतलेल्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. रेझ्युमेवर वरची ओळ शेवटच्या पदवीची असते. ते नाव मार्कांनी मिळतं, आणि मार्क आत्ता कमी पडले म्हणून चार वर्षांनी पडतीलच असं नाही. मामाला पूर्ण पटलं नाही. "गेट किती जण काढतात सर?" म्हणाला. रास्त प्रश्न आहे. कर्ज डोक्यावर असताना तर आणखी कमी जण काढतात, एवढंच मी म्हणालो.

फॉर्म

ऑप्शन फॉर्मचा क्रम मुलीने ठरवला: वालचंद इलेक्ट्रॉनिक्स, वालचंद इलेक्ट्रिकल, कराड ई अँड टीसी, मग पुण्याचं आयटी, मग आणखी नऊ पर्याय. मी फक्त एक सांगितलं, मिळण्याची शक्यता बघून क्रम लावू नको, आवडीने लाव. पहिलाच पर्याय लागला तर तो आपोआप गोठतो, एवढं लक्षात ठेवायचं. पहिल्या फेरीत कराड लागलं. हजार रुपये सीट ॲक्सेप्टन्सचे भरले, बेटरमेंटला ठेवलं, म्हणजे पुढच्या फेरीत यादीतला वरचा पर्याय मिळाला तर तो घ्यायचा. पुढे वर सरकलं नाही. कराडच कायम.

राहिले एक लाख. यूजीसीचं धोरण त्या वर्षी स्पष्ट होतं: ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत. आम्ही ऑगस्टमध्येच लेखी अर्ज दिला, पोच घेतली. तिथून पुढे 'अकाउंट्स सेक्शनला फाइल गेली आहे' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, मोजलं नाही. सीट बुक करायला दिवसाला दोन फोन करणाऱ्या मॅडम आता उचलत नव्हत्या. शेवटी यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर पोचपावतीच्या फोटोसकट तक्रार टाकली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण रक्कम आली. पाटल्या सोडवताना पतसंस्थेचं व्याज मात्र घरातूनच गेलं.

माझी चूकही नोंदवायला हवी. मी पहिल्या दिवसापासून कराडच्या बाजूला झुकलेला होतो आणि पुण्याच्या त्या मधल्या पर्यायाला, पाच लाख ऐंशीच्या, पुरेसा वेळ दिला नाही. कंपन्या दारात, इंटर्नशिप शहरातच, मामा जवळ. त्या घराला तो पेललाही असता, अभिमत विद्यापीठाच्या साधारण चौथाईत. मुलीने तो चौथा टाकला म्हणून वाद झाला नाही, पण टोकाचे दोन आकडे समोर असले की मधला दिसत नाही, हे मला फॉर्म लॉक झाल्यावर जाणवलं. पुढच्या वर्षीपासून मी मधल्यापासून सुरुवात करतो.

मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या सेमिस्टरला एक विषय राहिला होता, तो निघाला. मैत्रिणीचे पुण्यातल्या कॅम्पसचे फोटो आले की अजून थोडं लागतं, असं तिनेच सांगितलं. मामा दिवाळीत भेटला तेव्हाही म्हणाला, "सर, बघू चौथ्या वर्षाला." तोही बरोबर आहे, चौथं वर्ष अजून लांब आहे. जुना लेथ गेल्या उन्हाळ्यात घेतला, इचलकरंजीहून, रोखीने.

धाकट्याने यंदा दहावीची परीक्षा दिली. त्याला अकरावी-बारावी नको, डिप्लोमा करायचाय. परवा वडिलांचा फोन आला. "सर, डिप्लोम्याचा फॉर्म बी तुमच्याकडंच भरायचा न्हवं? पुठ्ठा मी आणतो."